पाण्याच्या वाटेनं महाबळेश्वर

महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर दरपत्रकाची पाटी असते. कुठली फेरी, त्यात कुठले पॉइंट, किती रुपये, सगळं तिथं लिहिलेलं. एकदा फेरी ठरली की डोकं चालवायची गरज उरत नाही. गाडी केट्स पॉइंटला थांबते, दहा मिनिटांत फोटो होतात, कुणी कणीस घेतं, कुणाची टोपी वाऱ्यानं उडते, आणि ड्रायव्हर हॉर्न देतो. मग आर्थर सीट, एलफिन्स्टन, मार्जोरी, कॅसल रॉक, आणि सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट. रात्री जेवताना हिशेब निघतो: एवढे झाले, एवढे राहिले. राहिलेले सकाळी उरकायचे आणि दुपारच्या आत घाट उतरायचा.

यात वाईट काही नाही. वर्षभर दाटीवाटीत राहणाऱ्या माणसाला कड्याच्या टोकावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं लांबवर बघायला मिळालं, तरी पैसे वसूल. पण समोरचं खोरं कुणाचं, त्याच्या तळाशी चमकणारी रेघ कुठं जाते, तिच्या काठी कोण राहतं, हे त्या दहा मिनिटांत कळत नाही. मला महाबळेश्वर खऱ्या अर्थानं आवडायला लागलं ते पॉइंट मोजणं सोडून पाणी धरून हिंडायला लागल्यावर. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम या एका पठारावर मानतात. इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं जे काही आहे, ते बहुतेक सगळं त्यांच्याच खोऱ्यांत आहे. तेव्हा सहल आखायची तर नद्यांप्रमाणे आखावी, एकेक दिवस एकेका नदीला द्यावा, असं माझं मत आहे.

सुरुवात अर्थात क्षेत्र महाबळेश्वरपासून. बाजारपेठेपासून हे जुनं गाव सहाएक किलोमीटरवर आहे. पंचगंगेच्या देवळात बाहेरचा उजेड एकदम मागं राहतो. डोळे सरावले की समोरच्या दगडी भिंतीतून वेगवेगळ्या वाटांनी येणारं पाणी दिसतं. नद्यांची नावं घेत लोक एकेका धारेला हात लावतात. या पाचांखेरीज दोन धारा आणखी सांगतात: भागीरथी बारा वर्षांनी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी. सगळं पाणी एकत्र होऊन पुढं गोमुखातून कुंडात पडतं. तिथं बाटल्या भरणाऱ्यांची रांग असते. बाटली भरणारा मागच्याला सांगत असतो, "थोडं थांबा, बारीक धार हाय." धार बारीक असते खरी. आपण नदी म्हणून जे मनात धरून आलेलो असतो, त्याच्याशी हिचा काही मेळच लागत नाही.

या नद्यांची पुराणकथा मोठी घरगुती आहे. ब्रह्मदेवानं सह्याद्रीवर यज्ञ मांडला. मुहूर्त टळायला आला तरी पत्नी सावित्रीचा पत्ता नाही, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री आली, आपल्या आसनावर दुसरीच बसलेली पाहून संतापली, आणि तिनं देवांना शाप दिला की तुम्ही नद्या होऊन वाहाल. विष्णूची कृष्णा झाली आणि बाकीच्यांच्या बाकीच्या. कथा कुणाला पटो न पटो, तिच्यातली एक गोष्ट भूगोलाला धरून आहे. कृष्णा, वेण्णा आणि कोयना देशावर उतरल्या, भांडणाऱ्या दोघी मात्र पाठ फिरवून पश्चिमेला कोकणात गेल्या.

पाण्याचं भूगर्भातलं कारणही इथंच समजून घ्यावं, म्हणजे पुढच्या सगळ्या सहलींना अर्थ येतो. खाली काळा कातळ आणि त्याच्यावर जांभ्या दगडाचा जाड थर, अशी या पठाराची घडण. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथं सरासरी ६००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कातळात पाणी सहजी शिरत नाही, जांभा मात्र ते पिऊन घेतो आणि पुढचे आठ महिने थोडं थोडं सोडत राहतो. हे पठार म्हणजे एक पाझरता माठच आहे. जिथं जांभा संपून कातळ लागतो, तिथं झरे फुटतात. मे महिन्यातही पंचगंगेची धार आटत नाही, ती या माठामुळं.

देवळातून बाहेर पडल्यावर बहुतेक गाड्या वळतात. तुम्ही वळू नका. पंचगंगेच्या मागच्या बाजूला, थोडं चालून गेलं की कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ लागतं. शेवाळलेले खांब, समोर कुंड, गोमुखातून पडणारी धार, आणि पुढ्यात एकदम उघडणारं कृष्णेचं खोरं. खाली दूरवर धोम धरणाचं पाणी दिसतं. नदीचा उगम आणि तिच्यावरचं धरण एकाच जागेवरून दिसावं, असं ठिकाण आपल्याकडं क्वचितच असेल. महाबळेश्वराच्या मुख्य देवळाशी शिवाजी महाराजांची आठवण जोडलेली आहे. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर त्यांनी इथं जिजाऊंची सुवर्णतुला केली.

आज आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो, ती बाजारपेठ, बंगले, क्लब हे सगळं त्या मानानं कालपरवाचं. १८२४ मध्ये जनरल लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी साताऱ्याहून झाडी तुडवत इथं चढला. पुढं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला हवा मानवली आणि त्यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली. बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना दिलं. पेठेला माल्कम पेठ नाव पडलं. सिंगापूर-मलाक्काकडून आणलेले चिनी कैदी इथल्या तुरुंगात होते, त्यांनी बटाटा आणि भाजीपाल्याचे मळे पिकवले. एका धबधब्याच्या नावात ते अजून आहेत. साहेबांनी कड्याकड्यानं वाटा काढल्या आणि टोकाटोकाला आपल्या माणसांची नावं दिली. पाऊस सुरू झाला की मात्र सगळे खाली पळत. घरांना गवताच्या झडपा बांधून गाव चार महिने मिटलेलं असे. पूर्वेला अठरा-वीस किलोमीटरवरची पाचगणी वसली तीही यामुळंच. तिथं पाऊस पुष्कळच कमी, त्यामुळं बारा महिने राहता येतं. म्हणून शाळा तिथं निघाल्या.

आता वेण्णा. ती गावातूनच सुरू होते, त्यामुळं पहिला दिवस तिचा. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधला. होडी, घोडा, मक्याचे पॅटिस आणि स्ट्रॉबेरी-क्रीम यांच्या गर्दीत एक गोष्ट विसरायला होते की हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. पुढं लिंगमळ्याला ती कड्यावरून उडी घेते. दिवाळीच्या आत गेलात तर धबधबा भरात असतो. फेब्रुवारीनंतर कातळावर नुसती ओल उरते.

पाचगणीच्या रस्त्यानं उतारांवर स्ट्रॉबेरीचे गादीवाफे दिसतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लोक रस्त्याकडेच्या मोठ्या दुकानांत थांबतात. माझं सांगणं असं की सकाळी लवकर एखाद्या शेताच्या बांधावर थांबावं आणि विचारून आत जावं. ऑगस्ट-सप्टेंबरात लावलेली रोपं हिवाळ्यात फळाला येतात. वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद, कागदाला भोकं, भोकातून वर आलेलं रोप आणि कागदावर टेकलेली फळं. फळ मातीला लागलं की कुजतं, म्हणून हा कागद. तोडणी ऊन चढायच्या आत करायची. बायका ओणव्यानं एकेक ओळ घेत पुढं सरकतात. अंगठ्याच्या नखानं देठ खुडायचा आणि फळ देठासकट डब्यात ठेवायचं. फळाला बोट लावायचं नाही. मी एक उचलून बघायला लागलो तशा एक मावशी म्हणाल्या, "दाबू नका साहेब, आत्ता काय दिसायचं न्हाई, दुपारी काळा डाग पडतोय." देठाकडं पांढरं राहिलेलं फळ त्यांनी झाडावरच ठेवलं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, लाल होईल पण गोड होणार नाही. हे एवढं कळलं तरी बाजारात डबा निवडताना फसगत होत नाही.

याच रस्त्यालगत भिलार आहे. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. गावकऱ्यांनी आपापल्या घरांत पुस्तकांसाठी खोल्या दिल्या. कुणाकडं कथा, कुणाकडं चरित्रं, कुणाकडं बालवाङ्मय. पाटी बघून घरात शिरायचं, हवं ते पुस्तक काढून ओसरीवर बसायचं. कुणी हटकत नाही. पोरांना पॉइंट दाखवून कंटाळलेल्या आईबापांनी इथं एक दुपार काढावी. पोरं आपोआप गप्प होतात.

वेण्णा मात्र पुढं मेढ्याकडं उतरते, कण्हेर धरणात थांबते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. सप्टेंबरात आलात तर हाच दिवस साताऱ्यामार्गे कासला न्यावा. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे. तिथंही तोच जांभा, पण माती बोटभर. पावसात पाणी साठून राहतं, मातीत कस नसतो. अशा जागी मोठं झाड टिकत नाही, म्हणून लहान फुलझाडांचं फावतं. तेरडा, सोनकी, गेंद यांचे पट्टेच्या पट्टे फुलतात. त्यांत निळसर जांभळी सीतेची आसवं बघायची तर उकिडवं बसावं लागतं. हे इवलंसं झाड मातीत न मिळणारं पोषण बारीक किडे धरून मिळवतं. कासला उभ्यानं फिरणाऱ्याला गालिचा दिसतो, बसणाऱ्याला फूल दिसतं. परतताना माहुलीच्या घाटावर थांबता आलं तर उत्तम. तिथं साताऱ्याच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही तिथंच आहे.

सावित्रीचा दिवस आर्थर सीटपासून सुरू करावा. हा पॉइंट चुकवू नये, कारण इथं पाणलोटाची धार पायाखाली असते. डावीकडं सावित्रीचं खोल, हिरवंगच्च कोकण. उजवीकडं जोरचं खोरं, जिथलं पाणी कृष्णेला जातं. पावसाचा एक थेंब डावीकडं पडला तर महाडवरून अरबी समुद्रात जाईल. वीतभर उजवीकडं पडला तर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र अशी सुमारे १४०० किलोमीटरची वाट चालून बंगालच्या उपसागरात. ज्याच्या नावानं हा कडा ओळखला जातो, त्या आर्थर मॅलेटची बायको आणि मुलगी खाली बाणकोटच्या खाडीत होडी बुडून गेल्या आणि तो इथं येऊन सावित्रीकडं बघत बसे, असं सांगतात. बाणकोटची खाडी म्हणजे सावित्रीचंच मुख. आज या जागी लोक वेगळाच खेळ खेळतात. खालून वारा एवढ्या जोरानं वर येतो की बाटलीचं बूच खाली टाकलं तर ते वर परत येतं. पाच टाकली की तीन-चार येतात. न येणारी कुठं जातात, हे कुणी विचारत नाही.

तिथून प्रतापगड. घाटरस्ता उतरताना मागं वळून बघावं, म्हणजे आपण ज्या पठारावर राहतो ते खालून केवढं दिसतं ते कळतं. १६५६ नंतर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली हा गड उभा राहिला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा निकाल लागला. गाईड सगळी भेट साभिनय सांगतो, ते ऐकावंच. पण गडाच्या तटावर उभं राहून भूगोलही बघावा. खान वाईला तळ देऊन होता, उघड्या मुलखात, कृष्णेच्या काठी. त्याला रडतोंडीच्या घाटानं खाली पार गावापर्यंत आणलं तिथंच अर्धी लढाई जिंकली गेली. हत्ती, उंट, तोफा घेऊन चालणारं लष्कर जावळीच्या रानात काय करणार? तटावरून चारी बाजूंना नुसते डोंगर आणि दऱ्या दिसतात. ते बघितल्यावर महाराजांनी भेटीची जागा ठरवण्यासाठी एवढा खटाटोप का केला, हे पुस्तकाशिवाय समजतं. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत प्रतापगड आहे.

बहुतेक गाड्या इथून परततात. ज्याच्याकडं वेळ आहे त्यानं आंबेनळी घाटानं पोलादपूर करून महाडपर्यंत जावं. सावित्रीच्या काठच्या या गावात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचं ओंजळभर पाणी पिऊन माणुसकीचा हक्क बजावला. वर पंचगंगेच्या धारेला आपण श्रद्धेनं हात लावलेला असतो. खाली आल्यावर कळतं की पाण्याला हात लावणं ही या देशात काही माणसांसाठी लढाई होती. दोन्ही एकाच दिवसात बघितलेल्याला पाण्याकडं नुसतं देखावा म्हणून बघणं जड जातं. याच महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि इंग्रजांच्या काळातला जुना पूल वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहनं माणसांसकट गेली. उगमाशी ज्या धारेची बाटली भरता भरत नाही, ती नदी झाल्यावर काय करू शकते याचा तो हिशेब.

गायत्रीसाठी वेगळी सहल नाही. तीही पश्चिमेलाच उतरते, तिला याच दिवसात धरावं.

कोयनेचा दिवस शांत. तापोळ्याचा रस्ता दाट झाडीतून उतरतो. जांभूळ, हिरडा, गेळा, अंजन अशी झाडं. नशीब असेल तर फांद्यांतून शेकरू पळताना दिसतं. सात वर्षांनी कारवी फुलते तेव्हा हे उतार जांभळे होतात आणि मधमाश्यांना उसंत मिळत नाही. इथला मध प्रसिद्ध आहेच. तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. रस्त्यावरच्या बाटलीपेक्षा सातेरी माश्यांच्या पेट्या जिथं ठेवल्यात तिथून घेतलेला मध बरा.

तापोळ्याला पोहोचलं की समोर शिवसागर. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांच्या खोऱ्यांत पसरलेलं धरणाचं पाणी. बोटी दत्ताच्या देवळाकडं, संगमाकडं नेतात. जाहिरातीत याला मिनी काश्मीर म्हणतात. काश्मीरला मध्ये आणायची मला तरी गरज वाटत नाही. या पाण्याची स्वतःची गोष्ट पुरेशी आहे. बोट मध्यावर आल्यावर नावाडी इंजिन बंद करून म्हणाला, "आमच्या आज्याचं घर हितं खाली हाय. भाताची खाचरं होती. आता त्याच्यावरनं बोट चालवतोय." तो हे रोज सांगत असणार, तरी त्यात सांगण्याचा आव नव्हता. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावं उठली. काही लांबच्या जिल्ह्यांत गेली, काही डोंगरावर सरकली. घरटी एक-दोन माणसं मुंबईला पोटापाण्याला. गणपतीला आणि जत्रेला गावं भरतात, एरवी म्हातारीकोतारी असतात.

कोयनेचं दुसरं नवल डोळ्यांना दिसत नाही. ही नदी मुळात पूर्वेची. हेळवाकला वळण घेऊन ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण १०३ मीटर उंचीच्या धरणामागं अडवलेलं तिचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडं सोडतात. कड्याची उंची आयती मिळाल्यामुळं त्या पाण्यावर वीज होते आणि ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. देवांना जे जमलं नाही ते इंजिनिअरांनी केलं. पूर्वेची नदी पश्चिमेला वळवली. मुंबईच्या घरात दिवा लागतो त्यात या खोऱ्यातल्या बुडालेल्या खाचरांचा वाटा आहे. तापोळ्याला बोटीत बसणाऱ्या मुंबईकरानं एवढं जरूर आठवावं.

कृष्णेला मी शेवटचा दिवस देतो, कारण तिथून घरी जायचा रस्ताही पडतो. पाचगणीच्या टेबललँडवर सकाळी चालावं. घोडे आणि घोडागाड्या सुरू व्हायच्या आत हे सपाट पठार मोकळं असतं. काठावरून कृष्णेचं खोरं आणि धोमचा जलाशय दिसतो. मग पसरणीचा घाट उतरायचा. पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. वाईला गेल्यावर आधी थोडं मागं जाऊन धोम आणि मेणवली करावं. धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगतंय असं वाटतं. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, आणि वाड्यामागं कृष्णेवरचा घाट. घाटावरच्या देवळात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. त्यांतली ही एक. शंकराच्या दारात मेरीची घंटा वर्षानुवर्षं वाजते आहे आणि कृष्णेकाठच्या कुणाला त्याचं काही वाटत नाही.

वाईत ढोल्या गणपतीच्या देवळाला बाहेरून प्रदक्षिणा घालावी. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये नदीच्या अगदी पात्राशी बांधलं. आतली मूर्ती एका दगडात घडवलेली, प्रचंड. पण बांधणाऱ्याची अक्कल मागच्या भिंतीत आहे. नदीच्या येणीकडची ही भिंत सपाट नाही, माशाच्या आकाराची निमुळती आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. अडीचशेहून अधिक वर्षांचे पूर या भिंतीनं कापले. नदीला अडवायचं नाही, तिला वाट करून द्यायची, हे रास्त्यांच्या गवंड्यांना ठाऊक होतं. आज पूररेषेत इमारती उठवणाऱ्यांनी या भिंतीसमोर एक तास उभं राहावं.

वाईचे घाट आळीआळीचे. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव येतो, तो एकेका घाटावर पाळीपाळीनं होतो. देवी पालखीतून येते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. नदीचा उत्सव सगळ्या गावानं वाटून घेतलेला. याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं आणि विश्वकोशाचं कार्यालय आजही इथं आहे. घाटावरची पाठशाळा आणि विश्वकोश यांच्यात फार तर काही मिनिटांचं अंतर. एवढ्याशा गावात जुनं आणि नवं शिक्षण असं शेजारी नांदतं.

पाच नद्यांना धरून असं हिंडलं की महाबळेश्वर हे सुट्टी घालवायचं गाव एवढंच राहत नाही. सांगलीकर इथं येतो तेव्हा आपल्या नळाचं पाणी जिथून निघतं तिथं आलेला असतो. कऱ्हाडकर, सातारकर, वाईकर यांचंही तेच. चेन्नईला पाणी मिळावं म्हणून १९७६ मध्ये करार झाला आणि महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच टीएमसी पाणी देऊ केलं. तेही कृष्णेचंच. इथल्या माठातून पाझरलेलं पाणी किती लांबच्या घशापर्यंत जातं, याला सीमा नाही. सरकारनं २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो झाडीच्या शोभेसाठी नव्हे. इथं डोंगर खणला, झाडी तोडली, ओढ्यात सांडपाणी सोडलं, तर त्याचा परिणाम खालच्या खोऱ्यांना भोगावा लागतो.

तेव्हा पुढच्या खेपेला महाबळेश्वरला जाल तेव्हा एक दिवस जास्त काढा. सगळे पॉइंट करू नका, दोन-तीन निवडा. एक नदी निवडा आणि तिच्याबरोबर खाली उतरा: पिल्लांना इतिहास सांगायचा असेल तर सावित्री, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन गेला असाल तर कृष्णा, फुलं हवी असतील तर वेण्णा, काहीच नको असेल तर कोयना. स्ट्रॉबेरी शेतावर घ्या, पुस्तक भिलारला वाचा, आणि पाण्याची बाटली, वेष्टनं, बुचं जे काही वर नेलं असेल ते पिशवीत घालून खाली आणा. कड्यावरून टाकलेलं काहीच नाहीसं होत नाही. ते पाण्याबरोबर उतरतं, आणि ते पाणी खाली कुणीतरी पितं, पुष्कळदा आपणच.